तीन-चार जणांवरच जीव लावायचा म्हणजे पक्षपात नाही का? एका तरुण पाळकाच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

सलाम भाऊ,

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ऐंशी-नव्वद माणसं आहेत, सेवेला चार वर्षं झालीत, रविवारची उपासना, बुधवारची कॉटेज मिटिंग (घरोघरची प्रार्थनासभा), शुक्रवारची उपास-प्रार्थना, तरुण संघ, सगळं चालू आहे, पण माणसं आतून वाढताना दिसत नाहीत. एका सिनियर पाळकांनी सांगितलं की तीन-चार जण निवडा आणि त्यांना घडवा. आता तुम्हाला भीती वाटते की बाकीचे म्हणणार "हे पाळकसाहेबांचे लाडके", आणि दुसरं म्हणजे घडवा घडवा म्हणतात पण रोजच्या रोज करायचं काय ते कुणी सांगत नाही.

मी सव्वीस वर्षं पाळकीय सेवेत आहे, त्यातली पहिली सात वर्षं मी हे केलंच नाही, आणि त्याचं काय झालं ते आधी सांगतो.

माझी पहिली नेमणूक नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. अंगात जोर होता. दरवर्षी तीन दिवसांची सभा घ्यायचो, मंडप, साउंड, बाहेरचे वक्ते, चार-पाचशे माणूस जमायचं, लोक रडायचे, हात वर करायचे, मी वहीत नावं लिहायचो आणि सोमवारी सकाळी देवाचे आभार मानून पुढच्या वर्षीच्या तयारीला लागायचो. सात वर्षांनी बदली झाली. दीड वर्षाने एका लग्नाला परत गेलो तर मंडळीत तीस माणसंही नव्हती, तरुण संघ बंद, बुधवारची प्रार्थना चार म्हाताऱ्या बायांनी धरून ठेवलेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. सात वर्षांच्या वहीतली नावं एकेक करून आठवत बसलो, यातलं आज कोण उभं आहे?

एक जण होता. बारावी नापास पोरगा, माझ्याकडे तेव्हा गाडी नव्हती म्हणून तो मला त्याच्या वडलांच्या एम-एटी गाडीवर वाडीवस्तीला घेऊन जायचा. मी त्याला कधी "शिकवलं" नाही, माझ्या डोक्यात तो गाडी चालवणारा होता. पण सात वर्षं तो माझ्यासोबत मयताला आला, दवाखान्यात आला, भांडणं मिटवायला आला, बाहेर ओसरीवर बसून सगळं ऐकत होता, आणि परत येताना गाडीवर आम्ही बोलत यायचो. आज तो तीन गावांत संडे स्कूल चालवतो, स्वतःच्या खर्चाने. मी ज्याच्यावर सगळ्यात कमी मेहनत घेतली असं मला वाटत होतं, तोच उभा राहिला, कारण सगळ्यात जास्त सहवास त्यालाच मिळाला होता.

मग मी बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान नव्याने वाचलं. तिसऱ्या अध्यायात येशू बारा जणांना नेमतो तिथे कारणं दिलीत, आणि पहिलं कारण हे की त्यांनी त्याच्याबरोबर असावं. उपदेशाला पाठवणं त्यानंतर येतं. आपण पाठवायची घाई करतो, बरोबर राहणं गाळून टाकतो. पाच हजारांना जेवू घालणारा प्रभू, पण त्याचे दिवस कुणासोबत गेले? बारा जणांसोबत. आणि त्यातही याइराच्या मेलेल्या मुलीला उठवताना त्याच्या घरात, रूपांतराच्या डोंगरावर आणि अटकेच्या रात्री गेथशेमानेच्या बागेत आत नेले ते तिघंच, पेत्र, याकोब आणि योहान.

आता तुमचा पक्षपाताचा मुद्दा. बाकीच्यांना राग येतो हे खरंय, बायबलमध्येही आलाय. मार्कच्या दहाव्या अध्यायात याकोब-योहान प्रभूच्या उजवी-डावीकडची जागा मागतात तेव्हा उरलेले दहा चिडतात. प्रभू तिथे जे उत्तर देतो त्यात तुमचं उत्तर आहे, ज्याला मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं. म्हणजे जवळ घेतलेल्याला मान जास्त मिळाला की तो पक्षपात, काम जास्त मिळालं की ती तालीम. मी ज्यांना जवळ घेतो त्यांना माइक सगळ्यात शेवटी मिळतो, सतरंज्या आधी. पंचकमिटीत जागा नाही, स्टेजवर खुर्ची नाही, नाताळच्या कार्यक्रमात नाव घेणं नाही. लोकांना दोन-तीन महिन्यांत कळतं की पाळकासोबत फिरणाऱ्याला मिळतं काय, तर पहाटे उठणं आणि ससून हॉस्पिटलच्या वॉर्डात रात्र काढणं. मग लाडके वगैरे कुणी म्हणत नाही.

आणि हे लपवून करू नका. मी कमिटीला पहिल्याच मिटिंगमध्ये सरळ सांगितलं की मी अमुक तिघांसोबत आठवड्याला इतके तास घालवणार आहे, कशासाठी ते हे, आणि भेटी-गाठी, आजारी, मयत, यातलं काही कमी होणार नाही. कमी काय होणार तेही सांगितलं, वार्षिक सभा तीन दिवसांवरून एका दिवसावर आणली. त्यावर नाराजी झाली, एक वर्ष ऐकून घेतलं.

कोणाला निवडायचं? इथे बहुतेक जण चुकतात, मीही चुकलोय. आपली नजर गिटार वाजवणाऱ्याकडे जाते, छान बोलणाऱ्याकडे जाते, ज्याची मोठी प्रार्थना ऐकून बाया "आमेन" म्हणतात त्याच्याकडे जाते. तुम्ही उपासना संपल्यावर वीस मिनिटं नुसतं बघा. कोण चपलांपाशी अडकलेल्या म्हातारीला हात देतो, कोण न सांगता खुर्च्या उचलतो, "सहा वाजता ये" म्हटलं की सहाला कोण येतो. प्रेषित पौल त्याच्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की तू जे माझ्याकडून ऐकलंस ते विश्वासू माणसांच्या हवाली कर, जी दुसऱ्यांनाही शिकवू शकतील. त्याने हुशार म्हटलं नाही, विश्वासू म्हटलं. आणि लूक सांगतो की बारा निवडायच्या आधी प्रभूने अख्खी रात्र प्रार्थनेत काढली. म्हणून निदान महिना-दोन महिने कुणाला काही न बोलता तीन-चार नावं घेऊन प्रार्थना करा. त्यातलं एखादं नाव आपोआप गळतं आणि एखादं असं येतं जे तुमच्या डोक्यातही नव्हतं. माझ्या पहिल्या तिघांत एक फोर्कलिफ्ट चालवणारा होता, बोलताना अडखळायचा, मी त्याला निवडला नसता.

तीनपेक्षा जास्त घेऊ नका, सुरुवातीला दोनच घ्या. घर आहे, लेकरं आहेत, मंडळी आहे, तुम्हाला जमणार नाही. थोड्याच माणसांत राहून काय होतं ते जुन्या लोकांकडे बघा. नगर जिल्ह्यात १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचं काम, त्या जुन्या काळात गावोगाव एक मास्तर असायचा, शाळाही तोच बघायचा आणि प्रार्थनाही तोच घ्यायचा, दहा-बारा घरांची वस्ती आणि तिथेच त्याचा संसार. लोकांनी त्याचं प्रवचन ऐकलं असेल ते असेल, पण तो उधारी कशी फेडतो, बायकोशी कसा बोलतो, दुष्काळात काय खातो हे सगळं गाव बघत होतं. आमच्या घराण्यातला विश्वास अशाच एका मास्तराच्या ओसरीवरून आलाय असं आजी सांगायची.

आता रोजच्या रोज काय करायचं ते, कारण यावर कुणी बोलत नाही. मी मंगळवारी पहाटे साडेपाचला भेटायचो कारण त्यातले दोघं एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला होते. चहा मी करायचो. आठवड्याला मार्कचा एक अध्याय, सगळ्यांनी तोच अध्याय सहा दिवस रोज वाचायचा, सोळा अध्याय म्हणजे सोळा आठवडे. भेटल्यावर मी प्रवचन देत नाही, हे फार अवघड जातं पण नाही द्यायचं. तीनच प्रश्न. या अध्यायात येशू कसा दिसला, या आठवड्यात तू यातलं काय केलंस, आणि कुठे जमलं नाही. पहिले दोन महिने "जमलं नाही" वर कुणी तोंड उघडत नाही. सगळे म्हणतात "पाळकसाहेब, प्रभूच्या कृपेने चांगलं चाललंय". तिथे तुम्ही आधी उघडायचं. मी एकदा सांगितलं की काल रात्री मी बायकोवर ओरडलो आणि सकाळी माफी न मागता इथे आलोय. शांतता झाली. मग फोर्कलिफ्टवाला म्हणाला की तो सहा महिने दारू सोडल्याचं सांगतोय पण सोडलेली नाही. त्या मंगळवारपासून खरं काम सुरू झालं असं मी मानतो. गेथशेमानेत प्रभूने तिघांना सांगितलं की माझा जीव अतिदुःखित झालाय, त्यांच्यापासून लपवलं नाही. ते झोपले हा भाग वेगळा, पण त्याने दाखवलं. आपण पाळक लोक मात्र इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सगळं झाकून फिरतो आणि मग म्हणतो माणसं मोकळी होत नाहीत.

पण मंगळवारची पहाट हा अर्धाच भाग, खरं शिक्षण गाडीवर होतं. दवाखान्यात जाताना एकाला सोबत घ्या. आधी त्याला काही करायला सांगू नका, नुसतं बघू दे, तुम्ही पेशंटच्या उशाशी कसे बसता, किती कमी बोलता, कुठला शास्त्रभाग काढता, नातेवाईकांना काय सांगत नाही. परत येताना चहाच्या टपरीवर थांबा आणि विचारा "काय पाहिलंस?" तिसऱ्या-चौथ्या वेळी म्हणा "आज प्रार्थना तू कर". त्यानंतर "आज तू बोल, मी मागे उभा राहतो". आणि एक दिवस "मला जमणार नाही, तू जाऊन ये, आल्यावर सांग". गॅरेजमध्ये पोरगं आधी पाने उचलून देतं, मग नट सोडतं, मग एक दिवस उस्ताद म्हणतो इंजिन तू उतरव, तसंच आहे हे. फक्त एक लक्षात ठेवा, चुकल्यावर सगळ्यांसमोर बोलायचं नाही. माझ्या एका पोराने मयताच्या घरी, येशूने मेलेल्या लाजरसाला उठवलं त्या भागावर बोलताना, पाच मिनिटांऐवजी पंचवीस मिनिटं घेतली, लोक चुळबुळ करत होते. मी तिथे गप्प बसलो, गाडीवर अर्ध्या वाटेत विचारलं "त्या बाईकडे पाहिलंस का तू बोलताना?" तो म्हणाला नाही. तेवढं पुरलं, पुढच्या वेळी त्याने आधी त्या घरच्या बाईकडे पाहिलं आणि मग तोंड उघडलं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी बायबलचं वचन टाकणं म्हणजे घडवणं नव्हे. टाका, वाईट नाही, पण त्याला हे नाव देऊ नका.

घरी जेवायला बोलवा, आणि बोलवणं म्हणजे पाहुणचार नव्हे, घरात जे असेल ते, पिठलं-भाकरी असेल तर पिठलं-भाकरी. माझ्या बायकोने पहिल्याच वर्षी सांगितलं की तुम्ही त्यांना पाहुणे केलंत तर मी थकून जाईन, घरचे केलंत तर चालेल. तिचं खरं होतं.

याबाबतीत मला कायम कवी नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आठवतात. टिळकांना ट्रेनच्या प्रवासात एका अनोळखी माणसाने नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला हे आपण संडे स्कूलपासून ऐकतो, त्यांची भजनं आपण दर रविवारी म्हणतो. पण त्यांच्या घराविषयी कमी बोललं जातं. बालकवी ठोमरे, तेव्हा कोवळा पोरगा, १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात पुढे आला, आणि पुढे नगरला टिळकांच्या घरात राहिला, लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं, त्याचे रुसवे-फुगवे सहन केले. तो ख्रिस्ती झाला नाही. त्यासाठी त्यांचं प्रेम कमी झालं नाही. मला हे फार मोठं वाटतं, कारण आपण ज्याच्यावर जीव लावतो त्याच्याकडून मनात एक हिशोब ठेवतो, हा माझ्यासारखा होईल, माझं काम पुढे नेईल. टिळकांच्या घरी त्या पोराला त्याची कविता लिहू दिली गेली. तुमच्या तिघांपैकी एखादा पाळक होणार नाही, रिक्षाच चालवेल, पण प्रामाणिक मीटरने चालवेल आणि स्टँडवरच्या लोकांचा आधार होईल. ते कमी आहे असं समजू नका.

पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनचंही तसंच. दुष्काळात आणलेल्या मुलींना पंडिता रमाबाईंनी जेवण आणि छप्पर दिलंच, पण त्यांना छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायलाही शिकवलं, आणि रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल त्यांच्याच हातांनी छापलं गेलं. मुलगी मनोरमा, जिला त्या सगळं सोपवणार होत्या, ती १९२१ मध्ये गेली, आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई स्वतः गेल्या. काम आजही चालू आहे. एकाच माणसावर सगळं टेकवलेलं असतं तर ते तिथेच संपलं असतं, म्हणून एकच पट्टशिष्य करू नका, दोन-तीन जण बरोबरीने वाढवा.

आता दुखणाऱ्या गोष्टी. पैसा. ज्याला घडवताय त्याला उसने पैसे देऊ नका आणि त्याच्याकडून घेऊ नका. गरज असेल तर मंडळीच्या फंडातून, कमिटीला सांगून, मदत म्हणून द्या. मी एकाला आठ हजार उसने दिले होते, फेडता आले नाहीत म्हणून तो मला टाळायला लागला आणि मंगळवार सुटला. मी त्याला "विसरून जा" म्हणालो तरी तो परत आला नाही. त्या आठ हजारांत माझं दोन वर्षांचं माणूस गेलं.

दुसरं, बहिणींना बहिणींनी घडवायचं. माझी बायको दोघींसोबत बसते, मी बसत नाही. अठराखालच्या मुलामुलींना एकट्याने, बंद खोलीत, आईबापांना न कळवता भेटायचं नाही, यात सूट नाही, तुमच्यावर कितीही विश्वास असला तरी. आणि त्या माणसाच्या आयुष्याचे निर्णय तुम्ही घ्यायचे नाहीत, लग्न कुणाशी, नोकरी कुठली, आईबापांशी बोलायचं की नाही. "पाळकांना विचारल्याशिवाय मी काही करत नाही" असं कुणी अभिमानाने म्हणायला लागला तर समजा की तुम्ही त्याला देवापासून अडवून तुमच्याकडे वळवलंय. मी असलं वाक्य ऐकलं की त्याला महिनाभर सुट्टी देतो आणि सांगतो तू स्वतः गुडघे टेक.

तिसरं, सोडून जाणारे. जातील. पौल फिलेमोनाच्या पत्रात देमासला सहकारी म्हणतो आणि तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात लिहितो की देमास मला सोडून गेला, त्याला हे जग प्रिय झालं. पौलासारख्याचा माणूस गेला तर आपला जाणार नाही का? पण त्याच अध्यायात, अगदी पुढच्याच ओळीत, पौल म्हणतो मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे. हा तोच मार्क जो पंफुल्या प्रांतात सेवेचा प्रवास अर्ध्यावर सोडून परत फिरला होता, ज्याच्यावरून पौल आणि बर्णबा यांचं इतकं वाजलं की ते वेगळे झाले. मधल्या काळात त्याला कुणी धरून ठेवलं? बर्णबाने. त्याच बर्णबाने एकेकाळी शौलाला, म्हणजे याच पौलाला, हात धरून प्रेषितांकडे नेलं होतं, जेव्हा सगळे त्याला घाबरत होते, आणि नंतर तार्सला जाऊन त्याला शोधून अंत्युखियाला आणलं. बर्णबाच्या नावाचं एकही पत्र नव्या करारात नाही, पण त्याने हात दिलेल्या या दोन माणसांची नावं काढा आणि बघा नव्या करारात किती पानं उरतात. म्हणून गेलेल्याचा नंबर डिलीट करू नका. वाढदिवसाला फोन करा, वचन ऐकवू नका, नुसतं "कसा आहेस" विचारा. फोर्कलिफ्टवाला दोनदा गेला आणि दोनदा आला.

किती वर्षं लागतात हे तुम्ही विचारलंय. माझ्या अनुभवात तीन वर्षं जवळून, आणि नंतर आयुष्यभर लांबून. पहिलं वर्ष तो तुमच्यासोबत, दुसऱ्या वर्षी त्याने स्वतःचा एक माणूस धरायचा, आणि हे मी सक्तीने पाहतो, ज्याला दुसऱ्या वर्षाच्या शेवटी स्वतःचा एकही माणूस नाही त्याच्यासोबत काहीतरी चुकतंय, बहुतेक वेळा आपलंच चुकतंय, आपण त्याला श्रोता करून ठेवलेलं असतं. तिसऱ्या वर्षी मंगळवारची पहाट त्याने चालवायची, तुम्ही कोपऱ्यात बसायचं आणि तो तुमच्यापेक्षा वेगळं करेल तेव्हा ओठ मिटून ठेवायचे. मग त्याला जाऊ द्यायचं. माझा सगळ्यात चांगला माणूस दुसऱ्या मंडळीत गेला, त्यांना संडे स्कूलला कुणी नव्हतं म्हणून. आमच्या कमिटीने विचारलं "आपण तयार करायचं आणि दुसऱ्यांनी न्यायचं?" मलाही ते लागलं होतं, पण मी उभं राहून त्याच्यासाठी प्रार्थना केली आणि पूर्ण मंडळीसमोर त्याला पाठवलं.

तुम्ही लिहिलंय वेळ नाही. तुमचं वेळापत्रक पाहिलं तर महिन्याला चार ठिकाणी पाहुणे वक्ते म्हणून जाता. त्यातली दोन आमंत्रणं सोडा, तेवढ्यात दोन माणसांचा वेळ निघतो. आणि ज्या दोन ठिकाणी जाल तिथे एकटे जाऊ नका, मागच्या सीटवर कुणालातरी बसवा.

या रविवारी कुणाला काही सांगू नका. उपासना झाल्यावर दाराशी हात मिळवायला एखाद्या वडीलधाऱ्यांना उभं करा, तुम्ही मागे थांबा आणि सतरंज्या कोण घडी करतंय ते बघा.

प्रभूच्या सेवेत तुमचा,
एक पाळक